ताई करी

बत्तीस वर्षं जिच्या घरचं पाणी मी तोंडाला लावलं नाही, त्या माझ्या नणंदेची करी त्या रविवारी माझ्या गॅसवर रटरटत होती. कामणच्या माझ्या घरात, माझ्या पातेल्यात. आणि वर सून मलाच विचारत होती, "आई, तुम्हाला किती वाढू?" काही लाज असावी माणसाला. भांडण आहे तर भांडणासारखं राहावं, यायचं तर तोंडावर यावं. सुनेचा हात धरून मागच्या दारानं आत शिरायचं, ही ताईचीच खोड.

असं मला वाटलं. का वाटलं ते आधी ऐका, मग मला नावं ठेवा.

आठवड्याचे सहा दिवस चूल माझी. रविवार सुनेचा. रीमा तुळिंजची, बोलायला चुरूचुरू. ती आणि धनेश दोघंही हायवेकडच्या गोदामात कामाला आहेत, ती आत कॉम्प्युटरवर, तो बाहेर मालाच्या गाड्या लावतो. त्या रविवारी सकाळी तिनं बाजारातून कोलंबी आणली आणि माकूल, ते नळीसारखे मऊ मासे, आणले. कोलंबी ताजी होती, ते मी कबूल करते. डोकं घट्ट, अंगाला चिकटपणा नाही. मी न सांगता चिंच भिजत घातली.

"आई, चिंच नको. आज ताई करी करतेय."

"काय करतेस?"

"ताई करी. वीस मिनिटांत होते. आणि प्रोटीन बघा किती! डॉक्टर धनेशला काय बोलले, भात कमी करा, प्रोटीन वाढवा."

प्रोटीन म्हणजे प्रथिनं. माझी शाळा चौथीत सुटली, पण तो शब्द मला पाठ आहे, कारण तो मी पहिल्यांदा ताईच्याच तोंडून ऐकला.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, अनसूया. तिला दिली चिंचोटीला, पण अंगणवाडी चालवायची आमच्या कामणात. अंगणवाडीच्या बाईला गाव ताई म्हणतं. धनेशही तिथंच जायचा, म्हणून तो सख्ख्या आत्याला आत्या न म्हणता ताईच म्हणायचा. माझ्या घरात बत्तीस वर्षांत ते नाव कोणी काढलं नव्हतं. आणि ही कालची पोर पदर न खोचता म्हणते, ताई करी.

"कोनी शिकवली तुना?"

"मोबाईलवर. दोन महिने बघतेय मी. इतकं मस्त समजावतात ना!"

दोन महिने. तिच्या डोक्यावर छप्पर माझं, आणि त्याखाली बसून दोन महिने मोबाईलवर बोलणी.

"धनेशला ठाऊक हाय?"

"त्याची तर फेवरेट आहे, आई! लग्नाआधी आम्ही दोघं जाऊन खाल्लेली. तेव्हापासून मागे लागलाय, घरी कर, घरी कर."

लग्नाआधी! लग्नाला आठ वर्षं झाली. म्हणजे मला मुलगी दाखवायच्या आधी यानं तिला ताईकडं नेऊन दाखवली होती, आणि जेवून आले होते. मी खुर्ची ओढून बसले.

"तिकडे ना, सगळे रोज हेच खातात," रीमा मिरच्यांचे देठ काढत म्हणाली, "म्हणून कसे बारीक असतात."

ताईचा मुलगा हरेश दारातून आडवा होऊन आत जातो, हे मी एका लग्नात लांबून पाहिलं होतं. पण बोलले नाही. मी बोलायची थांबले की घरातली माणसं घाबरतात. रीमाला ते आठ वर्षांत कळलेलं नाही.

मग मी नुसती बघत राहिले. सुक्या मिरच्या तिनं गरम पाण्यात टाकल्या. त्या मिक्सरमध्ये घालून वर आलं, लसूण, कांदा, लिंबाची साल किसून, आणि कोथिंबिरीचे देठ, जे आपण टाकतो ते. विहिरीपाशी माझा गवती चहा आहे, त्याच्या चार काड्या कापून आणल्या होत्या, त्याही आत. मूठभर जवळा भिजवलेला होता, तो पाण्यासकट आत. कढईत तेलाचा थेंब नाही. नारळाचं घट्ट दूध ओतलं, ते फुटून तेल सुटलं, त्यातच वाटण परतलं. मग पातळ दूध, मग फरसबी. मग गुळाचा खडा. मासळीत गूळ! आणि हळदीच्या डब्याला तिनं बोटसुद्धा लावलं नाही.

मग तिनं कपाटातून एक चपटा काटा काढला, त्यावर वाडगा ठेवला, आणि कोलंबी तोलली. "चारशे ग्रॅम," मोठ्यानं म्हणाली. माझ्या घरात जेवण तोलायला लागले. खायचं तोलायचं आणि आकडा मोठ्यानं वाचायचा, ही कोणाची शिकवण, ते मला वेगळं सांगायला नको होतं.

कोलंबी टाकल्यावर माकुलाच्या चकत्या टाकल्या, घड्याळ बघून चार मिनिटं धरली. गॅस बंद केला, लिंबू पिळलं. आणि पिशवीतून मूठभर तुळशीची पानं काढली.

"रीमा! तुळस? मासळीत तुळस?"

"अहो आई, ही आपली नाही. आपल्या वृंदावनाला मी हात लावीन का? ही ताई तुळस आहे."

नणंदेनं आपल्या अंगणातली तुळस खुडून माझ्या मासळीत पाठवली होती.

रीमा आंघोळीला गेली. धनेश बाहेर गाडी धूत होता, कानात वायर. मी कडीचा मोठा डबा काढला, पातेलं त्यात उपडं केलं, पळीनं निपटून शेवटचा थेंबही घेतला, झाकण दाबलं आणि मागच्या दारानं निघाले.

नाक्यावर चिंचोटीची रिक्षा मिळाली. भिवंडीकडून येणारे कंटेनर असे धावतात की रिक्षा बाजूनं थरथरते. डबा मांडीवर, गरम. झाकणातून लाल तेल गळलं आणि माझ्या लुगड्याला लागलं.

"मावशी, काय घेतलंय?" रिक्षावाला मागं वळून म्हणाला. "वासानं भूक लागली."

"विष हाय. देऊ?"

तो पुढं बघून चालवायला लागला.

मी रस्त्याकडे बघत होते, पण दिसत होती ती अंगणवाडी. धनेश तीन वर्षांचा होता. त्या साली खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी आमच्या भातात शिरलं. दोन साल त्या जमिनीत काही उगवलं नाही. रामू, माझा नवरा, काविळीनं अंथरुणाला खिळलेला. ताईनं सगळ्या बायकांना पोरं घेऊन बोलावलं. तुळईला वजनकाटा टांगलेला, त्याला खाली कापडाची झोळी. एकेकाचं पोर त्यात घालायचं. माझा धनेश झोळीत लोंबकळत होता, पाय बाहेर, काठ्यांसारखे. तालुक्याहून आलेली मोठी बाई खुर्चीवर बसली होती. आणि ताई मोठ्यानं ओरडली, "साडेआठ किलो! कुपोषणाची तिसरी श्रेणी! पुतळा, या पोराला प्रथिनं मिळत नाहीत. घरात काय शिजवतेस तू?"

दहा-बारा बायका होत्या. एकही हसली नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, मी एकेकीच्या झिंज्या धरल्या असत्या. सगळ्या माझ्याकडे दयेनं बघत होत्या.

मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा बरं शिजवते." पोराला झोळीतून ओढून काढला आणि घरी आले. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या नावानं सुकडीचा, पोरांच्या त्या पौष्टिक पिठाचा, दुप्पट वाटा यायला लागला. मी गावभर सांगितलं, ती सुकडी मी खाडीत टाकते.

टाकत नव्हते. दार लावून त्यालाच भरवत होते, आणि वाटी राखेनं घासून ठेवत होते. आणि तिनं विचारलं होतं ना, काय शिजवतेस, तर पेज शिजवत होते. तांदूळ कमी, पाणी जास्त. संध्याकाळी दाराला कडी घालायची, कढईत चमचाभर तेल तापवायचं आणि त्यात लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून टाकायच्या. वास कुंपणाबाहेर गेला पाहिजे. लोकांना वाटलं पाहिजे, पुतळाकडे आज मासळी आहे. त्याच पाकळ्या दुसऱ्या दिवशी परत, पार काळ्या होईपर्यंत. धनेश कढईपाशी बसून विचारायचा, "आये, मासा?" मी म्हणायची, शिजतोय. तो झोपेपर्यंत शिजत राहायचा.

रामू पुढं वीस वर्षं जगला. तो गेला तेव्हा ताई आली, भावाच्या पायाशी बसली. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही.

चिंचोटीला तिचं घर रस्त्याला लागूनच आहे. ती ओट्यावर उन्हात बसली होती, एकटी. मी तिला ओळखलं ते तिच्या नाकावरून, बाकी बाई उरलीच नव्हती. सुक्या बोंबलासारखी झाली होती. दात गेलेले, बांगड्या कोपरापर्यंत चढतील असे हात.

"कोन?" तिनं डोळ्यांवर हात धरला.

"डोळे गेले काय?"

"डोळे हायेत. पन डोळ्यांवर भरवसा नाय बसत. पुतळा, तू वाट चुकलीस काय?"

मी डबा तिच्यासमोर आपटला. "घे. तुझी करी तुना परत. माझ्या सुनेला शिकवायची, माझ्या पोराला चोरून खायला घालायची, वर तुळस पाठवायची! दात पडले, तरी खोडी नाय गेली."

"माझी कंची करी?"

"ताई करी!"

ताईनं झाकण काढलं. वास घेतला. बोट बुडवून चाटलं, आणि तिचा चेहरा असा झाला जसा त्या झोळीपाशी झाला होता.

"हिच्यात हळद नाय."

"नाय."

"आनि गूळ हाय."

"हाय."

"मग ही माझी कशी?" ती ओरडली. एवढ्याशा अंगातून एवढा आवाज आला की शेजारची बाई खिडकीत आली. "माझ्या बापाच्या घरात बिनहळदीची मासळी कदी शिजली नाय! नवऱ्याच्या घरात शिजली नाय! असली पांचट माझ्या नावावर लावतेस? आनि तुळस? मी, तुळस, मासळीत? डोकं ठिकानावर हाय काय तुझं?"

मी काही म्हणणार तोच माझा फोन वाजला. धनेशनं त्याचा आवाज कायमचा मोठा करून ठेवलाय, मला कमी करता येत नाही. रीमा होती.

"आई, कुठे आहात तुम्ही? पातेलं रिकामं आहे! धनेश सगळीकडे शोधतोय."

"ताईकडं आयलेय. जिची करी तिच्या पदरात घालाला."

"कुठल्या ताई?"

"माझ्याशी खेळ करू नको, रीमा. ताई करी, ताई तुळस, मोबाईलवर शिकवनी. तुझ्या आत्येसासूकडं."

मग रीमा म्हणाली, हळू, लहान पोराला सांगतात तसं, "आई. ताई नाही. थाई. थ, थ. थायलंड. देश आहे तो. विमानाने जातात. मी आत्यांना आजपर्यंत पाहिलंपण नाही."

मागून धनेशचा आवाज आला, "आई कुठे आहे म्हणाली?" मी फोनवरची सगळी बटणं एकदम दाबली. तो बंद झाला.

ताई हसत होती. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून हसत होती. हसता हसता ठसका लागला, खांबाला धरून बसली. मी मदतीला हात पुढं केला नाही.

"विमानानं जातात," ती दम लागून म्हणाली. "आनि तू रिक्षानं आयलीस."

"हस. तुना जन्मभर दुसरं येतं काय?"

मी डबा उचलायला वाकले. तिनं त्यावर हात ठेवला.

"असू दे. हरेश सगल्यांना घेऊन लग्नाला गेलाय. मना भात करून गेलेत, नुसता." ती भिंतीला धरून आत गेली, ताटली आणली, चमच्यानं कोलंबी काढली. दात नव्हते, हिरड्यांनी चावत होती. मी उन्हात उभी. चपला काढल्या नव्हत्या. उंबऱ्यापासून दोन हात लांब उभी होते, आणि पोटात कावळे ओरडत होते, कारण घरातलं सगळं जेवण तिच्या ताटलीत होतं.

"पानी देऊ?"

"नको."

"कोलंबी रबर नाय झाली," ती म्हणाली. "पोरीला वेळ कळतो. हळद टाकाला शिकव तिला."

"माझ्या सुनेचं मी बघीन."

ती खात राहिली. शेपट्या ताटाच्या कडेला ओळीनं लावत होती. मग वर न बघता विचारलं, "धनेश कसा हाय?"

"नव्वद किलो. तुझा काटा मोडला असता."

ताईनं वर बघितलं.

"डाक्तर म्हनतो उतरव," मी म्हटलं. "तरी तू मना विचार परत, घरात काय शिजवतेस. विचार. आज दहा बायका नायत, पन ती खिडकीत एक हाय."

शेजारीण खिडकीतून आत गेली.

"मना विचारायची गरज नव्हती," ताई म्हणाली. "तवा पन नव्हती. अंगनवाडी सुटली की मी तुझ्या दारावरनंच घरी येत होते. रोज लसनाचा वास. नुसता लसूनच, पुतळा. मासळीचा वास मना कळत नाय काय? खाडीवर जन्मले मी."

बत्तीस वर्षं मी समजत होते की तो वास सगळ्या गावाला फसवतो. वाटलं, डब्यात उरलेली करी तिच्या डोक्यावर ओतावी.

"म्हनून त्या दिवशी ओरडले," ती म्हणाली. "तालुक्याची बाई बसली होती. तिच्या कानावर पडल्याशिवाय नाव यादीत जात नव्हतं. नाव गेल्याशिवाय दुप्पट वाटा येत नव्हता."

"माझी अब्रू गेली."

"पोर राहिला."

"तू हळू बोलली असतीस तरी राहिला असता."

"हळू बोलून तू ऐकनारी?" तिनं ताटली खाली ठेवली. "घरी येऊन सांगितलं असतं, वयनी, हे घे, पोराला घाल, तर दार उघडलं असतंस? खरं सांग. देवाला स्मरून सांग."

हो म्हणायला माझी जीभ तयार होती. माझी जीभ कधी मागं राहिलेली नाही. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि ते डोळे रामूचे होते. तापातही तो असाच बघायचा, खोटं ऐकायची तयारी नसल्यासारखा.

रस्त्यावरून एक कंटेनर गेला. मी लुगड्यावरचा तो लाल डाग मुठीत चुरगळत होते.

"सुकडी मी खाडीत टाकली नाय," मी म्हटलं. "एक कन नाय टाकला. त्यालाच भरवली. तुझं वजन खरं होतं, तुझं ओरडनं कामी आलं, ते मी आज तुझ्या तोंडावर कबूल करते. पन तू वाईट वागलीस, ताई. रोज माझ्या दारावरनं गेलीस, तुना सगलं ठाऊक होतं, आनि एक दिवस कडी वाजवली नायस. मी दार उघडलं नसतं. तरी तू वाजवायला पायजे होती."